डाव्या कडेचा फणस

तारीख 9 मे 2021. दापोलीतल्या घराचं अंगण. रोज सकाळी मोबाइल धरायची तुमची जागा ठरलेली आहे: समोर जांभ्याचा गडगा, पलीकडे काटेसावर, मागे भाताचा मळा आणि हापूसची कलमं. डावीकडे रिकामं आभाळ. आता फोटो उलटे सरकवा आणि त्यांच्यासोबत मागे चला.

आंब्यांच्या कैऱ्या होतात. काटेसावरीखाली पडलेला लाल सडा उठून निष्पर्ण फांद्यांवर जाऊन बसतो. जानेवारीच्या गारठ्यात तुम्ही मोहराच्या घमघमाटात उभे असता. मळ्यात कापलेलं भात पुन्हा उभं राहतं, पिवळ्याचं हिरवं होतं आणि लावणीच्या चिखलात उतरतं.

गडग्यापाशी मात्र थांबा. मे महिन्यात तो तापलेल्या तव्यासारखा. नोव्हेंबरात त्यावर वाळक्या शेवाळाचे तपकिरी पापुद्रे. ऑगस्टात भोकाभोकांतून नेचे फुटलेले, मधूनच गुलाबी तेरडा. दगड दिसतच नाही. कालचा फोटो आणि आजचा फोटो यांत काडीचा फरक नसतो. महिन्याभराचे ओळीने लावा, मग कळतं.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलंय आणि दापोली-मंडणगडला झोडपतंय. कौलं उडतायत, माडांचे शेंडे जमिनीकडे वाकतायत. अंगणातला फणस मुळासकट आडवा होतो. तुम्ही फोटो काढत नाही, दार दाबून धरता. शहाणपणाचं तेच. पुढे कित्येक दिवस वीज नाही, फोन मेलेला; तेवढ्या तारखा कोऱ्या.

आणखी एक दिवस मागे. 2 जून. चौकटीच्या डाव्या कडेला तोच फणस, बुंध्यापासून लगडलेला. लक्ष होतं काटेसावरीवर; त्याचा मुद्दाम काढलेला एकही फोटो तुमच्याकडे नाही. आपसूक चौकटीत आला म्हणून तरी राहिला.

मोहराचा अभ्यास करायला कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून याच गावात आहे. पण तुमच्या परसातल्या झाडाची नोंद ठेवायला तिथून कोण येणार? ती तुम्हीच ठेवा. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातली माणसं दर आठवड्याला आपल्या झाडाची पालवी, फुलं, फळं नोंदवतात. आंबा आणि फणस दोन्ही त्यात आहेत. फोटो काढताच आहात, तर एक झाड तिथेही नोंदवून टाका.