भीमाकाठी, काळाच्या मागे मागे

दौंडहून भीमेपल्याड पेडगावला या. दिवस मावळतो आहे. बहादूरगडातल्या यादवकालीन लक्ष्मीनारायण मंदिरासमोर उभे राहा आणि काळ मागे सरकू द्या.

विजेचे खांब जातात, उसाचे फड जातात, दौंडचा रेल्वेपूलही जातो. सन १८३१. दख्खनची पाहणी केलेले लष्करी अधिकारी विल्यम साइक्स इथल्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडतात. त्यात पानासारख्या नाकाचं, जेमतेम दहा ग्रॅमचं एक वटवाघूळ आहे. साइक्स त्याच्या नावात दख्खन गुंफतात. पण श्नायडर यांनी १८०० मध्येच त्याचं नामकरण केलेलं असतं, म्हणून आज शास्त्रात ते हिपोसिडेरॉस स्पिओरिस आहे.

आणखी मागे, सन १६७४. तुम्ही मुघल सुभेदार बहादूरखानाच्या छावणीत आहात. घोड्यांच्या लिदीवर चिलटं घोंघावताहेत. दिवेलागणीला देवळातून सावल्या सुटतात आणि तुमच्या कानाजवळून वळतात. ऐकू काहीच येत नाही. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झला थांबतो, हा जीव सव्वा लाखाच्या आसपासचा आवाज नाकातून सोडतो. नाकावरचं पान त्या आवाजाचा झोत करतं. फडफडत्या पतंगावरून प्रतिध्वनी परततो आणि अंधारात नेमका घास सापडतो. छावणीत हे कुणालाच ठाऊक नाही. वटवाघळांचा हा न ऐकू येणारा आवाज ग्रिफिन आणि पिअर्स यंत्रानं टिपतील, तो १९३८ मध्ये.

अजून मागे जा. मंदिर विरतं, पाथरवटांच्या छिन्न्या थांबतात. उरतो नुसता काळा कातळ आणि त्याच्या कपारी. या कुळाचं मूळ घर तेच. माणसानं दगडी गाभारे बांधले, तशी त्याला नवी घरं मिळाली. पाच कोटी वर्षांपलीकडे पोहोचलात, तरी आकाश रिकामं नाही. गुजरातेत सुरतजवळच्या वस्तान खाणीत तेव्हाच्या वटवाघळांचे जीवाश्म सापडले आहेत.

आता परत या. गावच्या देवळाचा, वाड्याचा जीर्णोद्धार काढाल, तेव्हा आत आधी नीट पाहा. वटवाघळं असतील तर धूर करू नका, सगळे झरोके जाळीनं बंद करू नका. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं; उठवलेली वस्ती लवकर भरून येत नाही. रात्रभर किडे टिपणाऱ्या या शेजाऱ्यासाठी एक अंधारा कोपरा राखून ठेवा.