बिल्ला आणि ब्रीद

श्रोतेहो, दौंडासारख्या जंक्शनावर गाडी थांबली, म्हणजे प्रथम दृष्टीस पडतो तो हमालाचा तांबडा सदरा आणि त्याच्या दंडावरचा पितळी बिल्ला. दौंडाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. तेव्हांपासून येथें गाडी बदलणाऱ्या उतारूंचें ओझें कोणी ना कोणी वाहत आलेला आहे. सुज्ञ उतारू सामान हमालाच्या डोक्यावर चढविण्यापूर्वीं त्याच्या बिल्ल्यावरील आंकडा पाहून ठेवतो. हमालाचें नांव मात्र तो सहसा विचारीत नाहीं. एवढ्याशा चकतीनें दोन कामें एकदम केलेलीं असतात. तिनें एक अनोळखी माणूस विश्वासास पात्र ठरविला आणि त्याच माणसाचा आंकडा करून टाकला.

आपल्या भाषेंत या वस्तूभोंवतीं जे शब्द जमले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. 'चपरास' हा शब्द फारशींतून आला. 'चप' म्हणजे डावा आणि 'रास्त' म्हणजे उजवा. पट्ट्याचीं डावीं-उजवीं टोकें जोडणारी ती चपरास, आणि पुढें पट्ट्यावरच्या पितळी पाटीलाहि तेंच नांव मिळालें. ती धारण करणारा तो चपराशी. त्यालाच आपण पट्टेवाला म्हणतों. दोन्ही शब्दांत माणूस कोठेंच नाहीं. आहे ती त्याच्या अंगावर दुसऱ्यानें चढविलेली वस्तु.

याच्या उलट 'ब्रीद' हा शब्द पाहा. तो 'बिरुद' या संस्कृत शब्दापासून आला. पराक्रमी पुरुषानें मिरवावयाचें चिन्ह तें ब्रीद. आणि त्या चिन्हाबरोबर त्यानें पत्करलेली प्रतिज्ञा, तेंहि ब्रीदच. चपरास मालक देतो, ब्रीद आपण होऊन घ्यावयाचें असतें. बिल्ला या दोहोंच्या मध्यें उभा आहे. तो कोणी लावला आणि कोणत्या हेतूनें लावला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

मान देण्यासाठीं जशी खूण असते, तशी मान हिरावून घेण्यासाठींहि असते. पेशवाईंत पुण्यांतील अस्पृश्यांना गळ्यांत मडकें आणि कमरेला झाडू बांधून हिंडावें लागे, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं लिहिलें आहे. हाहि एक बिल्लाच होता. फरक इतकाच कीं, तो उतरविण्याची मुभा धारण करणाऱ्यास नव्हती.

आतां दौंडाहून भीमेच्या कांठानें वरच्या अंगाला शिरूर तालुक्यांत जाऊं. शिरूर म्हणजेच घोडनदी. तेथें ईस्ट इंडिया कंपनीची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालीं सुमारें ५०० शिपाई, कांहीं घोडेस्वार आणि दोन तोफा शिरूरहून पुण्याकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोरेगांवापाशीं त्यांची पेशव्यांच्या फौजेशीं गांठ पडली आणि दिवसभर, पाण्यावांचून, गावाच्या गल्ल्यांतून लढाई झाली. तींत विजय कोणाचा, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण कंपनीनें आपल्या सत्तेची खूण म्हणून नदीअलीकडे पेरण्याच्या हद्दींत स्तंभ उभारला. कंपनीच्या बाजूनें महारांबरोबर मराठे, रजपूत आणि मुसलमानहि लढले होते. स्तंभावरील मृतांच्या नांवांपैकीं २२ नांवें 'नाक' या प्रत्ययानें संपतात; तीं महार शिपायांचीं होत.

या लढाईचें पदक निघालें तें १८५१ सालीं, आणि तेंहि तोंवर हयात असलेल्यांसाठीं. तेहतीस वर्षें वाट पाहून तें छातीवर लावणारे किती उरले असतील, याची कल्पनाच करावी! पुढें १८९० नंतरच्या दशकांत सरकारनें 'लढाऊ जाती' ठरविल्या आणि महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांचीं नांवें दगडावर होतीं, त्यांच्या नातवंडांना गणवेशहि मिळेना. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, १११ वी महार पलटण उभारली. १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. गरज सरली, बिल्ला काढून घेतला!

१ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर या स्तंभापाशीं आले. कंपनीनें स्वतःच्या गौरवासाठीं रोंवलेला दगड त्या दिवसापासून दुसऱ्याच अर्थानें बोलूं लागला. मडकें आणि झाडू यांची खूण ज्यांच्यावर लादली गेली होती, त्यांनीं तो आपल्या स्वाभिमानाची खूण म्हणून उचलला. १९४१ सालीं बेळगांव येथें महार रेजिमेंट स्थापन झाली आणि तिच्या शिपायांच्या टोपीवरील बिल्ल्यावर हाच कोरेगांवचा स्तंभ आला. जी वस्तु पूर्वीं सरकारनें दिली किंवा हिरावून घेतली, ती आतां ब्रीद झाली.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्यावरचा स्तंभ जाऊन त्या जागीं खंजीर आला. परक्या सत्तेनें उभारलेल्या दगडाची आतां गरज नव्हती, असें म्हणतां येईल. आपल्या पूर्वजांचीं नांवें त्यावर आहेत म्हणून ज्यांना तो प्रिय होता, त्यांना ही उणीव जाणवली असेल, असेंहि म्हणतां येईल. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात. रेजिमेंटचें ब्रीदवाक्य मात्र 'यश सिद्धि' हें आहे. आणि दरवर्षीं १ जानेवारीस लक्षावधि लोक स्तंभापुढें मस्तक नमवितात, त्यांना कोणी बिल्ला लावून धाडलेलें नसतें.

श्रोतेहो, चिन्ह स्वतः मुकें असतें. त्याला वाचा देतो तो तें धारण करणारा मनुष्य. म्हणून पुढच्या खेपेस दौंडास उतराल, तेव्हां बिल्ल्यावरचा आंकडा अवश्य पाहून ठेवा. पण त्याबरोबर त्या माणसाचें नांवहि विचारा.