कैद्याचे जगणे कशावर ठरते? नाती, बराक आणि आपली जबाबदारी

न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, माणूसपण नाही. कैदी तुरुंगाच्या दारातून आत गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही एकाच कलमाखाली आत गेलेल्या दोन माणसांचे जगणे सारखे नसते. भेटायला कोण येते, शेजारी कोण झोपते, शिपाई कसा बोलतो आणि जागा किती मिळते, या चार गोष्टींवर आतला प्रत्येक दिवस ठरतो. चळवळीतील तरुणांनी हा विषय समजून घ्यावा, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

आत कोण आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत 5 लाख 73 हजारांहून अधिक माणसे होती आणि क्षमता होती सुमारे 4 लाख 36 हजारांची. त्यांपैकी जवळपास 76 टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे 'कच्चे कैदी' होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा 16.6 टक्के आहे, तर कैद्यांमध्ये तो एक पंचमांशाच्या आसपास आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या वस्तीचाही आहे.

मुलाकत: बाहेरच्या जगाशी जोडलेला धागा

घरचे माणूस भेटायला आले की कैद्याला केसची तारीख कळते, वकील काय म्हणतो ते कळते, मुलांची खुशाली कळते. घरून मनीऑर्डर आली तर कँटीनमधून साबण, बिस्कीट घेता येते. ज्याला कोणी भेटत नाही, तो या लहान गोष्टींसाठीही दुसऱ्याच्या उपकारावर जगतो आणि तिथूनच दबाव सुरू होतो. कुटुंबाला आणि वकिलाला भेटणे हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे अनुच्छेद 21 चा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये फ्रान्सिस कोराली मुलीन प्रकरणात सांगितले.

हक्क आहे, पण तो वापरायला बसभाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. त्यात 'लोक काय म्हणतील' ही लाज असते. पहिले दोन महिने आई येते, मग तीही थांबते. पुढे शिक्षा लागल्यावर संचित रजा किंवा अभिवचन रजा मागायची तर जामीनदार नातेवाईक लागतो. नाते तुटलेल्या कैद्याचा हा मार्गही अवघड होतो.

मुलांचे हाल वेगळेच. आई तुरुंगात असेल तर मूल सहा वर्षांपर्यंत तिच्यासोबत राहू शकते, हे 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालाने ठरवून दिले. महाराष्ट्रात कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेऊन भेटता यावे म्हणून 'गळाभेट' उपक्रम राबवला गेला. एरवी ही भेट जाळीआडून किंवा काचेआडूनच होते.

बराकीतली जात

अंगाला अंग लावून झोपायचे, शौचालयासाठी रांग लावायची, अशा गर्दीत साधे भांडणही पेटते. त्यात जात बाहेरून आत येते. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत स्वयंपाक 'वरच्या' जातींना आणि सफाई 'खालच्या' जातींना देण्याच्या तरतुदी होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. निकाल कागदावर आहे. तो बराकीत उतरला का, हे विचारणे आपले काम आहे.

शिपायाची भाषा आणि भिंतींची उंची

केंब्रिज विद्यापीठातील ॲलिसन लीबलिंग यांनी तुरुंगातील जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी कैद्यांनाच प्रश्न विचारण्याची पद्धत विकसित केली. सन्मान, न्याय्य वागणूक आणि कर्मचाऱ्यांशी असलेले संबंध या गोष्टी कैद्यांच्या जगण्यात फार महत्त्वाच्या असतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसले.

परिसर बदलला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. तिथे कैदी शेती करतात आणि कुटुंबासोबत राहू शकतात. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

धम्माची वाट

सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या कामात कैद्यांची काळजीही आहे. ज्याच्यावर लेकरांचा भार आहे, जो वृद्ध आहे, त्याचा विचार करायला तो लेख सांगतो. चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत आहे, ती नातेवाइकांना दाद मागता यावी म्हणून. कैद्यालाही नातेवाईक असतात, हे बावीसशे वर्षांपूर्वीच्या राज्याला ठाऊक होते.

आपल्या काळात विपश्यना 1975 मध्ये जयपूरच्या कारागृहात आणि 1993-94 मध्ये किरण बेदी यांच्या कार्यकाळात तिहारमध्ये पोहोचली. ध्यानाने मन सावरते. मात्र ते वकिलाची, जागेची किंवा आईच्या भेटीची जागा घेऊ शकत नाही.

आपण काय करू शकतो?

- वस्तीतील कोण आत आहे, त्याला कोण भेटते, याची विहारात चौकशी करा. भाड्याअभावी मुलाकत थांबली असेल तर वर्गणी काढा.
- कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येकाला 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 समजून घ्या. पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, तर इतरांनी निम्मा काळ आत काढला असेल तर सुटकेचा मार्ग आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना तो लागू नाही. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरीही अडचण येते.
- सुटून आलेल्याला काम मिळवून द्या. त्याच्या मुलाला 'कैद्याचा पोर' म्हणू देऊ नका.

अंगुलिमालाला तथागतांनी संघात घेतले, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले. माणूस बदलला होता, गाव बदलले नव्हते. सुटून आलेल्या माणसासमोर आपली वस्ती कशी उभी राहणार, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.