परदेशस्थ थाई समाज

परदेशस्थ थाई समाज म्हणजे रोजगार, शिक्षण, विवाह वा अन्य कारणांनी थायलंडबाहेर वास्तव्य करणारे थाई लोक व त्यांचे वंशज होत. त्यांची एकूण संख्या दहा लाखांहून अधिक मानली जाते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, स्वीडन, ब्रिटन, तैवान, दक्षिण कोरिया, जपान व इस्रायल या देशांत त्यांच्या प्रमुख वसाहती आहेत. यांपैकी काही देशांत कायमचे स्थायिक झालेले लोक अधिक आहेत, तर काही देशांत ठरावीक मुदतीच्या करारावर गेलेले मजूर अधिक आहेत.

संज्ञेची व्याप्ती

‘थाई’ व ‘ताई’ या संज्ञा भिन्न आहेत. ताई हा आग्नेय आशियात पसरलेला भाषिक समूह असून थायलंडमधील थाई लोक ही त्याची एक शाखा होय. सुकाफाच्या नेतृत्वाखाली १२२८ मध्ये आसामात आलेले आहोम लोकही ताई वंशाचे होत. परंतु त्यांची गणना परदेशस्थ थाई समाजात होत नाही. मलेशियाच्या केदाह, केलांतान व पर्लिस या राज्यांतील सयामी लोकांची स्थिती आणखी वेगळी आहे. १९०९ च्या ब्रिटिश-सयामी करारानुसार हा प्रदेश ब्रिटिशांच्या अधिपत्याखाली गेला. त्यामुळे हे लोक आपल्या गावीच राहिले आणि राष्ट्रसीमा मात्र बदलली.

अमेरिका

अमेरिकेत प्रसिद्धी पावलेले पहिले सयामी रहिवासी म्हणजे चँग व एंग बंकर हे जोडलेले जुळे बंधू होत. चिनी वंशाच्या या बंधूंचा जन्म १८११ मध्ये सयाममध्ये झाला. १८२९ मध्ये ते अमेरिकेत आले व पुढे नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेती करून राहिले. मराठीतही रूढ झालेली ‘सयामी जुळे’ ही संज्ञा त्यांच्यावरूनच आली.

मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर सुरू झाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडमध्ये अमेरिकेचे लष्करी तळ होते. त्यामुळे दोन्ही देशांतील संपर्क वाढला आणि विद्यार्थी, परिचारिका व अमेरिकी सैनिकांच्या पत्नी अमेरिकेत येऊ लागल्या. लॉस एंजेलिस हे या समाजाचे सर्वांत मोठे केंद्र असून तेथील ईस्ट हॉलिवूडमधील एका भागास १९९९ मध्ये ‘थाई टाउन’ हे अधिकृत नाव मिळाले. बँकॉक येथे जन्मलेल्या व थाई माता असलेल्या टॅमी डकवर्थ २०१७ पासून इलिनॉय राज्याच्या सिनेटर आहेत.

युरोप व ऑस्ट्रेलिया

जर्मनी व स्वीडनमधील थाई समाजात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. विवाहामुळे झालेले स्थलांतर हे त्याचे मुख्य कारण होय. बर्लिनमधील प्रॉयसेन पार्क हे उद्यान थाई खाद्यपदार्थांच्या बाजारामुळे ‘थाई पार्क’ या नावाने ओळखले जाते. स्वीडन व फिनलंडमध्ये उन्हाळ्यात रानफळे वेचण्यासाठी थाई शेतकरी येत असत. प्रवासखर्चासाठी काढलेले कर्ज हंगाम साधला नाही, तर तसेच अंगावर राही. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय असून सिडनीच्या हेमार्केट भागातही ‘थाई टाउन’ आहे.

कामगारांचे स्थलांतर

परदेशी जाणाऱ्या मजुरांपैकी बहुतेक ईशान्य थायलंडच्या इसान प्रदेशातील असतात. पावसावर अवलंबून असलेली शेती व अल्प उत्पन्न यांमुळे तेथील कुटुंबे परदेशातून येणाऱ्या पैशावर विसंबून राहतात. १९८० च्या दशकात सौदी अरेबिया हे या मजुरांचे मोठे गंतव्यस्थान होते. १९८९ मध्ये एका थाई नोकराने सौदी राजवाड्यातून रत्ने चोरली. या प्रकरणानंतर दोन्ही देशांचे संबंध बिघडले व तेथील रोजगार जवळजवळ बंद झाला. हे संबंध २०२२ मध्ये पूर्ववत झाले. दरम्यान मजुरांचा ओघ तैवान, इस्रायल व दक्षिण कोरियाकडे वळला. दक्षिण कोरियात परवान्याविना काम करणाऱ्या थाई मजुरांना थाई भाषेत ‘फी नोई’, म्हणजे ‘लहान भुते’, असे म्हणतात.

शोषण व सुरक्षितता

२ ऑगस्ट १९९५ रोजी कॅलिफोर्नियातील एल मॉन्टी येथे काटेरी तारांच्या कुंपणाआड डांबून ठेवलेल्या ७२ थाई शिवणकामगारांची सुटका झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अमेरिकेच्या २००० मधील मानवी तस्करीविरोधी कायद्याच्या पार्श्वभूमीत या प्रकरणाचा उल्लेख केला जातो. इस्रायलच्या शेतीत २०२३ मध्ये सुमारे ३०,००० थाई मजूर होते. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला झालेल्या हमासच्या हल्ल्यात तीसहून अधिक थाई नागरिक मारले गेले आणि ३१ जणांना ओलीस ठेवण्यात आले. गाझा सीमेलगतच्या शेतांवर काम करणाऱ्या या मजुरांचा त्या संघर्षाशी कोणताही संबंध नव्हता.

धर्म व संस्कृती

थेरवाद बौद्ध विहार हे परदेशस्थ थाई समाजाचे मुख्य आधारस्थान असते. तेथे धार्मिक विधींबरोबर मुलांना थाई भाषा व नृत्य शिकवले जाते आणि एप्रिलमध्ये सोंगक्रान हा नववर्षोत्सव साजरा होतो. लंडनच्या विंबल्डन भागातील बुद्धपदीप विहार त्यातील भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. भारतात बोधगया व कुशीनगर येथेही थाई विहार असून यात्रेच्या काळात तेथे थाई भाविकांची गर्दी असते. उपाहारगृहे हा अनेक देशांतील थाई कुटुंबांचा प्रमुख व्यवसाय आहे. थाई शासनाने २००२ च्या सुमारास ‘ग्लोबल थाई’ या योजनेद्वारे परदेशातील थाई उपाहारगृहांच्या वाढीस प्रोत्साहन दिले.