आइसलंडची केळी

परवा ऑफिसात जेवताना एकाने ठोकून दिलं, "युरोपात सगळ्यात जास्त केळी कुठे पिकतात माहितेय? आइसलंडमध्ये!" म्हटलं, काहीही काय! शनिवारी जरा वाचत बसलो. विधान साफ चूक निघालं (स्पेनची कॅनरी बेटं कुठे नि आइसलंड कुठे). पण तिथे केळी खरंच पिकत होती. ती का बंद पडली, हे मला जास्त रंजक वाटलं.

आइसलंडमध्ये जमिनीत मुरलेलं पाणी खोलवरच्या तापलेल्या खडकांना लागून परत वर येतं, कुठे कोमट तर कुठे चक्क उकळतं. हजारेक वर्षं लोकांनी त्याचा उपयोग काय केला, तर मुख्यतः आंघोळ आणि धुणं. रेकयाविकच्या बायका धुण्याची ओझी घेऊन तीनेक किलोमीटर चालत गरम झऱ्यांवर जायच्या. शहरातल्या आजच्या झगमगीत बाजारपेठेचं लाउगावेगुर हे नाव त्याच वाटेवरून आलंय. पाय घसरून त्या उकळत्या पाण्यात पडून काही जणी मेल्या, तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झऱ्यावर लोखंडी कमानी बसल्या.

हे पाणी नळातून फिरवून तापवलेलं पहिलं हरितगृह उभं राहिलं १९२४ साली, रेकयाविकजवळच्या रेकिर इथे. इतका उशीर का? माझा अंदाज असा की पाणी फुकट होतं, पण काच आणि लोखंडी नळ बाहेरून आणावे लागत. तंत्र तसं सोपं आहे. गरम पाणी नळांतून काचघरात फिरवायचं, ना बॉयलर ना कोळसा. १९३० मध्ये तर त्या धुण्याच्या झऱ्यांपाशीच बोअर मारून ८७ अंशांचं पाणी शहरातल्या एका शाळेला आणि साठेक घरांना पोचवलं. ह्वेरागेर्दी गावात काचघरं वाढत गेली, आणि १९३९ मध्ये गावाशेजारी बागकामाची शाळाही निघाली.

मग महायुद्ध आलं, आयात फळं महागली, आणि लोकांना वाटलं, ऊब आहेच, तर केळी का नको? १९४५ पासून १९५० च्या दशकाच्या शेवटापर्यंत तिथे विक्रीसाठी केळी पिकली.

पण एक घड तयार व्हायला दोन वर्षं! आपल्या जळगावला साधारण वर्षभरात काम होतं. बाहेर बर्फ असला तरी आत ऊब भरपूर होती. नव्हता तो उजेड. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम चार तासांचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो बघा, प्रोसेसर वाढवत बसतो आणि गाडी अडलेली असते डिस्कवर. १९६० मध्ये सरकारने फळांवरचं आयातशुल्क काढलं आणि खेळ संपला. झाडं त्या बागकाम शाळेला देऊन टाकली. तिथली केळी विद्यार्थी आणि शिक्षकच खायचे, विकायची नाहीत.

टोमॅटो आणि काकडी मात्र टिकली. त्यांच्यावर हिवाळाभर दिवे लावतात. रात्री दुरून काचघरं नारिंगी दिसतात म्हणे. गंमत म्हणजे जमिनीखालची ऊब एवढी स्वस्त असूनही बागायतदारांची तक्रार असते ती दिव्यांच्या वीजबिलाची.

सोमवारी हे सगळं त्या मित्राला ऐकवलं. शांतपणे डबा उघडत म्हणाला, "म्हणजे पिकत होती ना?"

असो.