लेप उतरलेला भोपळा

आमच्या बस्तीत स्वाध्यायाला तत्त्वार्थसूत्राचा दहावा अध्याय निघाला, की मातीनं लिंपलेला भोपळा येतोच. लेप असेतो तो तळाशी, माती विरघळली की वर. कर्म सुटलेल्या जीवाचंही तसंच. आपण सगळ्याजणी हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण मातीनं भोपळा बुडतो का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगरातल्या आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याचं उत्तर लिहून ठेवलं. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोरानं पाणी तिला वर ढकलतं. वाळका भोपळा 1 लिटर पाणी सारत असला, तरी त्याचं स्वतःचं वजन पाव किलोच्या आतच. म्हणून तो तरंगतो. ओली माती मात्र पाण्याहून पुष्कळ जड. मी हिशेब मांडून पाहिला, तर भोपळ्याच्या आकाराएवढीच माती थापावी लागते. श्वेतांबरांच्या ज्ञाताधर्मकथेत आठ कर्मांचे आठ लेप सांगितलेत, ते उगीच नव्हे!

आर्किमिडीजच्या त्या पुस्तकाचीही कथा ऐकण्यासारखी आहे. दहाव्या शतकात कुणीतरी ते चर्मपत्रावर उतरलं. (कातडं म्हटल्यावर आपण नाक मुरडणारच.) पुढे 1229 मध्ये एका ख्रिस्ती लेखनिकानं ती अक्षरं खरवडली आणि त्यावर प्रार्थना लिहिल्या. 1269 चा लॅटिन अनुवाद तेवढा हाती होता. मूळ ग्रीक गेलंच, असं सगळे धरून चालले. 1906 मध्ये हायबर्ग नावाच्या डॅनिश पंडितानं कॉन्स्टँटिनोपलला ती प्रार्थनेची पोथी भिंगाखाली धरली. प्रार्थनेच्या ओळींखाली जुनी अक्षरं पुसट दिसत होती.

हे वाचलं आणि मला आजीची वही आठवली. चातुर्मासात ऐकलेलं ती त्यात टिपून ठेवायची. ती गेल्यावर फाटक्या पोथ्यांबरोबर ती वहीही आम्ही कृष्णेत सोडली. आधी ती तरंगली. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते ना! मग पाणी भिनलं, हवा निघाली, वही जड झाली.

"गेली बघ," काकी म्हणाली. मी हात जोडले.

त्या वहीत काय लिहिलं होतं, ते आमच्यापैकी कुणीच वाचलेलं नव्हतं.