मासळी बाजारातील कासव विकत घ्यावे का?

मासळी बाजारात टोपलीत उलटे पाडलेले कासव दिसले की, ते विकत घेऊन घरी पाळावे असे बौद्ध तरुणांना वाटणे साहजिक आहे. पण तसे करू नये.

पहिले कारण कायद्याचे. नद्या-तळ्यांतले, मांसासाठी पकडले जाणारे फ्लॅपशेल कासव (मागच्या पायांवर झडपा असलेले) आणि 'शुभ' म्हणून घरात ठेवले जाणारे तारा कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. जीव वाचवायला घेतले, ही सबब चालत नाही. शुभ-अशुभाला तर आपल्या घरात जागाच कशाला?

दुसरे कारण धम्माचे. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार आहे. आपण पैसे मोजले की विक्रेता उद्या दुसरे कासव आणतो.

पुण्यात मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे नाण्याएवढे रेड इअर्ड स्लायडर मूळचे अमेरिकेचे. ते ताटलीएवढे वाढते, अनेक दशके जगते. कंटाळून ते मुठेत किंवा पाषाण तलावात सोडणे म्हणजे जीवदान नव्हे. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते.

बाजारात कासव दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर ठिकाण आणि वेळ लगेच कळवा. पिशवीत घालून घरी नेऊ नका.